आधी डोंगर, मग खड्डा

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक माणसाला एक नंबर आहे आणि त्याचा फ्लॅटच्या नंबराशी काही संबंध नाही. सेक्रेटरी नाडकर्णी अडीच हजार आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे शहा अठराशे. माझा नवरा दोनशे चाळीस, आणि त्याला त्याचं फार वाईट वाटतं, कारण एवढा खालचा नंबर बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाचा नाही. मी तीन हजार शंभर. हे नंबर पहिल्या मजल्यावरच्या परबकाकांनी दिले आहेत आणि ते बदलून मिळत नाहीत. नाडकर्णींनी एकदा "दोन हजार करा ना, राउंड फिगर" अशी विनंती करून पाहिली होती. काका म्हणाले, "आवाज बदला, लगेच करतो."

मला माझा नंबर मिळाला तो मुलुंडला राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला मी दारोदार फिरत होते. परबकाकांनी दार उघडलं. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, गळ्यात हेडफोन. मी म्हटलं, "नमस्कार, आम्ही वर नवीन आलोय, उद्या सत्यनारायण..."

त्यांनी एक बोट वर केलं. "थांब. परत म्हण."

"काय?"

"सत्यनारायण. परत म्हण."

मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली आणि आणखी एकदा म्हणायला लावलं. मग "तीन हजार शंभर" असं पुटपुटून त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, देणगी सांगितली की काय. दुसऱ्या दिवशी मात्र ते पूजेला आले, दोनदा शिरा मागून घेतला आणि माझ्या सासरच्या सगळ्या माणसांना सांगितलं, "मुलगी चांगली आहे. फक्त तीन हजार शंभरला टोचते."

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटत होतं, पण सांगता येत नव्हतं."

तर हे परबकाका. पूर्ण नाव भालचंद्र परब, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. काका मात्र यंत्राच्या खडखडाटातून पळून गेले ते थेट अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत, आणि जन्मभर तिथे रेकॉर्डिस्ट म्हणून काम केलं. पडद्यावर नट बर्फात नाचत असायचा आणि त्याचा आवाज अंधेरीत काकांपुढे घाम पुसत उभा असायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या आतल्या खोलीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत गोधड्या ठोकल्या, एक माइक टांगला, आणि खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. आता तिथे ठाण्याची भजनी मंडळं येतात, बोरिवलीचे हौशी गायक येतात, जोगेश्वरीहून एक बाई लग्नातली गाणी म्हणायला येतात. पंखा बंद, खिडकी बंद, त्यात चहूकडे गोधड्या. त्या खोलीत गाऊन बाहेर आलेला माणूस दोन किलो उतरलेला असतो असं काका अभिमानाने सांगतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजसुद्धा बंद होतो, कारण त्याची घरघर माइकला कळते. पूर्वी तो नंतर चालू करायचं राहून जायचं आणि काकींचे बांगडे खराब व्हायचे. त्यावर काकांनी तोडगा काढला. फ्रिज बंद करताना ते आपला चष्मा आत ठेवतात. काम संपलं की चष्मा शोधतात, चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, फ्रिज चालू होतो. थंडगार, वाफ धरलेला चष्मा लावून काका बाहेर येताना दिसले की बिल्डिंगला कळतं, आज कोणाचं तरी गाणं झालं.

पण गाणं रेकॉर्ड करणं हे काकांच्या मते किरकोळ काम आहे. "कोणी पण करतं, फोनवर पण होतं." खरं काम त्यानंतरचं. माणसाचा आवाज, खोली आणि माइक ह्या तिघांचं जमलं नाही की आवाजात एखादी जागा उगीचच कर्कश होते. भांड्याला चमचा लागल्यावर ते जसं एकाच सुरात किणकिणत राहतं, तसं काहीसं. ती जागा शोधून तेवढीच दाबायची. त्यासाठी कॉम्प्युटरवर सोय असते, तिला इक्यू म्हणतात. आवाजाचे पट्टे असतात, जाड आवाजाचे खाली, बारीक आवाजाचे वर, आणि प्रत्येकाला हर्ट्झमध्ये नंबर; हवा तो पट्टा वर किंवा खाली करायचा. आमचे नंबर ते हेच, ज्याचा आवाज जिथे टोचतो तो.

आता ती जागा शोधायची कशी, ह्यात परबकाकांचं सगळं तत्त्वज्ञान आहे. आपण म्हणू, कर्कश वाटतंय तर कमी करत जावं. काका उलट करतात. ते आधी एक अरुंद, उंच टोक तयार करतात, त्याला ते "सुई" म्हणतात, आणि ती सुई खालच्या पट्ट्यापासून वर सरकवत नेतात. सुई जिथे जाते तिथला आवाज अकारण मोठा होतो. बहुतेक ठिकाणी नुसतंच विचित्र वाटतं. पण खऱ्या दुखऱ्या जागेवर सुई आली की आवाज किंचाळतो. तिथे थांबायचं आणि त्याच सुईला उलटं करून खाली खड्डा करायचा.

"आधी डोंगर, मग खड्डा," काका म्हणतात. "आणि खड्डा अरुंद पाहिजे. दोन डेसिबल, म्हणजे डीबी, फार तर तीन. जास्त हावरटपणा केलास तर बाईचा आवाज पण जातो आणि बाई पण जाते. मग काय उरतं? टेलिफोन."

कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेखही दिसतो. त्या भागावर काकांनी पुठ्ठा चिकटवला आहे. मी विचारलं तर म्हणाले, "ग्राफ सगळं दाखवतो, टोचणं दाखवत नाही. डोळ्यांनी आमटी चाखतेस का तू?"

हे तत्त्वज्ञान गोधड्यांच्या आत राहिलं असतं तर ठीक होतं. काका ते जगाला लावतात. मागे नाडकर्णी आणि शहा यांच्यात चपलांच्या रॅकवरून पेटलं होतं. शहांचा रॅक पॅसेजमध्ये चार बोटं पुढे येतो, असं नाडकर्णींचं म्हणणं. दोघं सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमेकांचं तोंड न बघता भांडत होते, आणि आम्ही सगळे "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत होतो. परबकाका उठले.

"जाऊ द्या काय, वाट लागेल अशाने. शहा, रॅकवर बोला. जोरात."

शहा रॅकवर जोरात बोलले.

"अजून जोरात. बरं, आता पार्किंगवर."

शहा पार्किंगवर बोलले. मग काकांनी त्यांना पाण्याच्या टाकीवरून नेलं, लिफ्टवरून नेलं, गच्चीच्या किल्लीवरून नेलं, आणि प्रत्येक वेळी "मोठ्याने, मोठ्याने" म्हणत राहिले. नाडकर्णी घाबरले होते. शेवटी काका म्हणाले, "आता गणपती."

आणि शहा किंचाळले. म्हणजे खरोखर आवाज फाटला त्यांचा. "आरतीला मी ताट धरायला पुढे आलो तेव्हा तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलंत ना! सगळ्यांसमोर!"

नाडकर्णींना ते आठवतही नव्हतं. काका खाली बसता बसता म्हणाले, "इथे खड्डा करा. बाकी हात लावू नका." पुढच्या गणपतीत पहिली आरती शहांनी केली. रॅक आजही चार बोटं पुढे आहे आणि नाडकर्णी त्याला वळसा घालून जातात. मुलुंडमध्ये बिल्डिंगा पुष्कळ आहेत, पण स्वतःचा साउंड इंजिनिअर असलेली आमची एकच, हे मी माहेरी, ऑफिसात आणि संधी मिळेल तिथे सांगत असते.

काकांची आणखी एक सवय सांगायची राहिली. त्यांना एकट्याला काम करायला आवडत नाही. आवाज साफ करायला बसले की ते कोणाला तरी चहाला बोलावतात. दुपारी नाडकर्णी, कधी शहा, रविवारी आम्ही दोघं. परबकाकी चहा करून खोलीच्या उंबऱ्याशी आणून ठेवतात आणि परत जातात, आत बसत नाहीत. पाहुण्याने काकांच्या समोरच्या खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा आणि जे कानावर पडेल ते ऐकायचं. काका सुई फिरवत असतात, पण बघत असतात आपल्याकडे, अगदी टक लावून. नवीन माणसाला वाटतं, काय आपुलकी आहे. माझ्या नवऱ्याला वाटायचं, आपण बिस्किट जास्त घेतलं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शाळेत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "मेधा, तू नुसतं तोंड हलव." त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नाही. माझ्या आवाजाने बाकीच्या मुली बुजत होत्या. मी पूर्ण शाळाभर नुसतं तोंड हलवलं. आत कितीही काही होवो, चेहऱ्यावर हसू ठेवायचं आणि ओठ वेळेवर उघडायचे, ह्या कलेत माझ्याइतकं तयार कोणी नसेल. पुढे विमा ऑफिसच्या काउंटरवर ह्या चेहऱ्याचा मला फार उपयोग झाला.

पण मला मोठ्याने वाचायला आवडतं. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या निमित्ताने रोज वाचायचे. ती मोठी झाली, शिकायला गेली, आणि मी भिंतीला वाचून दाखवू लागले. अशात समजलं की अंधेरीतल्या एका कंपनीला मराठी गोष्टी वाचणारे आवाज हवे आहेत, लोक कानाला लावून ऐकतात तशा पुस्तकांसाठी. नमुना म्हणून एक उतारा वाचून पाठवायचा होता. मी घरात कोणाला बोलले नाही. परबकाकांकडे गेले.

"काका, मला वाचायचंय. माझा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. पण एकदा तरी लोकांनी ऐकावं असं मला वाटतं."

मला वाटलं, हसतील. ते उठले, फ्रिज बंद केला आणि चष्मा आत ठेवला.

एका विहिरीची गोष्ट होती, मी ती घामाच्या धारांत वाचली. वाचून झाल्यावर काका मला समोरच्या खुर्चीत बसवून कामाला लागले. सुई सरकू लागली. तीन हजार शंभरला माझा आवाज असा फाटला की मला सासूबाईंची दया आली. "हां, ही आपली जुनी मैत्रीण," काका म्हणाले आणि तिथे छान खड्डा केला. मग सुई आणखी वर निघाली. बरीच वर गेल्यावर कुठेतरी एक असा आवाज आला, सायकलचा ब्रेक दातांत धरावा तसा. माझ्या दाढा कळवळल्या. पण मी काउंटरवरचा चेहरा ठेवून बसले. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी बसलाय, त्यांच्या कामाला तोंड वाकडं करणारी मी कोण? त्यांना कळत असेलच. काका माझ्याकडे रोखून बघत होते. मी हसले.

"ठीक?" त्यांनी विचारलं.

"खूप छान," मी म्हटलं.

सुई पुढे गेली आणि काम संपलं. मग त्यांनी सगळं सलग ऐकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज न लाजता ऐकला. रडूच यायचं बाकी होतं, पण चेहरा ठेवला. नमुना पाठवून दिला, आणि मग मात्र नवऱ्याला, मुलीला, नाडकर्णींना, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना सांगून टाकलं.

कंपनीकडून उत्तर आलं. वाचन आवडलं होतं. पण 'स' आणि 'श' म्हणताना वर एक बारीक शिट्टी ऐकू येते, हेडफोनवर ती कानाला लागते, सोमवारपर्यंत रेकॉर्डिंग साफ करून पाठवलंत तर विचार करू, नाहीतर दुसरा आवाज घेऊ.

मला राग आला तो कंपनीचा. आमच्या काकांच्या कामात शिट्टी? मी फोनला इअरफोन लावला आणि पुन्हा ऐकलं, ह्या वेळी स्वतःवर खूश न होता. शिट्टी होती. प्रत्येक 'श'वर होती.

रविवारी सकाळी मी खाली गेले. काय आणि कसं सांगावं ह्याची जिन्यात तीनचार प्रकारे तयारी केली होती, पण काकांनी दार उघडलं आणि मी नुसता फोन पुढे केला. त्यांनी निरोप वाचला. आत गेले, हेडफोन लावला, माझा नमुना ऐकला. मग स्पीकरवर लावला. आवाज वाढवला. पुन्हा लावला.

"खंय?" ते म्हणाले.

"हे काय, आत्ता. 'शेवटी' म्हटलं ना, तिथे."

त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. माझा आवाज खोलीभर 'शेवटी, शेवटी' करत राहिला. काकांनी स्पीकरला कान लावला. मग सावकाश सरळ झाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तोंड कित्याक वाकडां केलंस नाय गो?" ते म्हणाले.

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"त्या दिवशी. मी सुई वर नेली तेव्हा. तुला टोचलं असेल ना?"

"हो. खूप."

"मग हसलीस कशाला?"

आणि मग काकांनी सांगितलं. त्यांचं वरचं गेलं होतं. पाच हजाराच्या वर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. स्टुडिओतून निवृत्त व्हायच्या सुमारालाच सुरू झालं होतं. 'स' त्यांना ऐकू येतो तो अंदाजाने. खालचं अजून लख्ख होतं, म्हणून आमचे नंबर चुकत नव्हते. वरच्या जागांसाठी मात्र ते माणूस समोर बसवत होते.

"नाडकर्णींचा डावा डोळा बारीक होतो. शहांची मान जाते. तुझा नवरा बिस्किट चावायचं थांबतो. मी तिथे खड्डा करतो. आजपर्यंत एक काम परत आलेलं नाही. तू पहिली."

"कानाला मशीन का नाही लावत, काका?"

"आणि गिऱ्हाईक बघणार, आवाज साफ करणारा माणूस कानाला मशीन लावून बसलाय? कोण येईल?" मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "हिला बोलू नको. तिला माहीत नाही."

मला त्यांची कीव यायला हवी होती बहुतेक. तसं काही झालं नाही. खरं सांगते, मला अभिमान वाटला. ठाण्या-बोरिवलीच्या कित्येक लोकांची गाणी आमच्या बिल्डिंगच्या तोंडावरून साफ झाली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही सगळे तिथे चहा पीत स्टुडिओचं मशीन म्हणून बसलो होतो. फक्त मीच एक बिघडलेलं मशीन निघाले, आणि तेही स्वतःच्याच कामाच्या वेळी.

"चला," मी म्हटलं. "परत फिरवा सुई. ह्या वेळी बघा कसं तोंड करते."

तेच तर जमेना. सुई निघाली आणि मी तयारीत बसले. सहा हजाराच्या आसपास काहीतरी खुपल्यासारखं वाटलं, मी जोरात तोंड वेंगाडलं. काका थांबले, मागेपुढे करून बघितलं. "ॲक्टिंग नको!" ते ओरडले. पुन्हा सुरुवात. आता मी ॲक्टिंग करायची नाही असं ठरवलं, तर चेहरा आपोआप काउंटरवर जाऊन बसला. दात कळवळतायत आणि मी प्रसन्न. पुन्हा सुरुवात. आता खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे माझं मलाच कळेना. तोंडाने "इथे" म्हणून सांगायचा प्रयत्नही केला, पण माझं "इथे" निघेपर्यंत सुई पुढे गेलेली असायची, आणि मागे आणली की दाढा अशा बधिर झालेल्या की सगळंच टोचायचं. खोलीत पंखा नव्हता. सोमवार उद्यावर होता. नाडकर्णी गावाला, शहा देरासरात दर्शनाला, नवरा भाजी आणायला गेलेला.

"राहू दे," काका शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडून करून घे. अंधेरीला एक पोरगा आहे, चांगला आहे. कान तरुण आहेत त्याचे."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात परबकाकी चहा घेऊन आल्या. ह्या वेळी त्या उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. आत आल्या, कप टेबलावर ठेवले, बाहेरून एक स्टूल आणलं आणि माझ्या शेजारी मांडून बसल्या.

"मी बसतंय," त्या म्हणाल्या. "लावा."

काका गडबडले. "तू कित्याक? हयसर तुजां काय काम?"

"तुमका वरचा आयकाक येणा नाय, ह्यां माका काय म्हायत नाय?" काकींनी पदराने मान पुसली. "दारातसून हाका मारतंय, तुमी वळणत नाय. कुकर शिट्टी मारता तेवढी कळता, माज्या बांगड्यो कळणत नाय. लावा तुमी. चाय निवता."

काकांनी सुई लावली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघू लागले. सुई खालून निघाली, मधून गेली, तीन हजार शंभरवरून गेली. वर चढली. माझी दाढ शिवशिवायला लागली. काकी मात्र देवळात कीर्तन ऐकायला बसल्यासारख्या बसल्या होत्या. सुई अगदी वरच्या टोकाला पोचली तरी त्यांची पापणी हलली नाही. काकांनी सुई खाली आणून पुन्हा वर नेली. काहीच नाही.

"हिचा उपयोग नाय," काका वैतागून म्हणाले. "अगो, खंय तरी टोचूक व्हया!"

काकी जरा ओशाळल्या. त्यांनी खरोखर प्रयत्न केला होता. "काय करू?" त्या म्हणाल्या. "तुमी लावलेला माका कायच टोचणा नाय."

काका सुईवर हात ठेवून तसेच बसले. आणि माझा चेहरा, जो शाळेपासून कोणासमोर कधी हलला नव्हता, तो हलला. ओठ वाकडे झाले, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

"हां!" काका ओरडले. "इथे! इथेच ना?"

"नाही काका, इथे नाही. हे वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे? वर की खाली?"

आम्ही तिघंही हसायला लागलो. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता माझा चेहरा पुरता सैल झाला, आणि काकांनी हसत हसतच सुई थोडी वर सरकवली. माझा उजवा डोळा कोणी न सांगता घट्ट मिटला आणि खांदा कानाला जाऊन लागला. काका हसायचे थांबले. सुई जराशी मागे नेली, माझा खांदा खाली आला. पुढे आणली, परत वर गेला.

"सात हजार दोनशे," ते हळूच म्हणाले. त्यांनी डोंगर खाली ओढला, खड्डा केला आणि मला ऐकवलं. 'शेवटी' आता नुसतं शेवटी होतं.

"दोन डीबी पुरे?" त्यांनी विचारलं. खड्डा किती करायचा हे त्यांनी मला विचारण्याची ही पहिली वेळ.

"आणखी एक," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्याने आणखी एक दिला.

नमुना पास झाला. माझं पहिलं पुस्तक आता लोकांच्या कानात आहे, आणि मला तोंड हलव म्हणणाऱ्या बाई जिथे असतील तिथे त्यांनी ते खुशाल ऐकावं, त्यांच्यावर माझा राग नाही. हे सगळं लिहू का म्हणून मी काकांना विचारलं होतं. म्हणाले, "लिही. येणार ते येतील. पण नंबर बरोबर लिही."

दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसते आणि मनापासून तोंडं वाकडी करते. नाडकर्णी आणि शहांना आता खरं काम कळलंय, त्यामुळे कोणाचा चेहरा जास्त अचूक ह्यावर दोघांची नवीन चुरस सुरू झाली आहे. माझ्या शेजारी काकींचं स्टूल असतं. त्या काही सांगत नाहीत, त्यांच्या तोंडावरून काही कळत नाही, आणि कामाच्या दृष्टीने त्यांचा तिथे काडीचा उपयोग नाही, असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. पण त्या येऊन बसेपर्यंत काका मशीन सुरू करत नाहीत.